शेवटच्या प्रवेशाची नक्कल

“अक्षर तुझं, म्हणून काम तुझं,” असे म्हणून गुळवणी मास्तरांनी चार फुलस्केप कागद माझ्या मांडीवर ठेवले. “शेवटचा प्रवेश काल पुरा झाला. उद्याच्या तालमीला नकला तयार हव्यात.”

“आज शाळेचा अभ्यास आहे, मास्तर.”

“अभ्यास रोजचाच आहे. नाटकाचा शेवट एकदाच होतो.”

गोदामात हशा पिकला. साखर कारखान्याचे ते दोन नंबरचे गोदाम गळीत सुरू होईपर्यंत रिकामे असे, आणि भाद्रपदापासून दसऱ्यापर्यंत ते आमच्या ताब्यात मिळे. आम्ही म्हणजे ‘वसाहत कुमार कला मंडळ’: बारा ते सतरा वर्षांचे एकोणीस मुलगे आणि पाच मुली. कारखाना कोल्हापूरपासून चौदा मैलांवर, नदीकाठच्या माळावर होता. त्याच्या एका अंगाला अधिकाऱ्यांचे बंगले आणि दुसऱ्या अंगाला कामगारांच्या चाळी. दोन्हीकडची मुले एकत्र येत ती या गोदामातच, आणि तीही केवळ मास्तरांमुळे. मास्तर हंगामात दिवसभर वजनकाट्यावर उसाच्या गाड्या तोलत. तरुणपणी त्यांनी अकरा वर्षे एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टरचे काम केले होते. कंपनी मोडली, मास्तरांची सवय मोडली नाही.

मी कालिंदी निंबाळकर, कारखान्याच्या मुख्य रसायनतज्ज्ञांची थोरली मुलगी. त्या वर्षी मी पंधरा वर्षांची होते. माझ्याइतके स्वच्छ उच्चार वसाहतीत दुसऱ्या कोणाचे नाहीत, असे माझे ठाम मत होते. ते आजही बदललेले नाही.

नक्कल म्हणजे काय, हे आताच्या मुलांना सांगावे लागते. जुन्या कंपन्यांत अख्खे नाटक कोणाही नटाच्या हाती देत नसत. दिले तर तो दुसऱ्या कंपनीला नेऊन देईल ही धास्ती. ज्याला त्याला फक्त त्याची वाक्ये उतरवून मिळत, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी, समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कानावर पडले की आपण बोलायचे. आमचे नाटक कोण चोरून नेणार होते? पण मास्तरांना दुसरी रीत ठाऊक नव्हती. ते म्हणत, “अख्खं नाटक हातात आलं की माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही. नक्कल हातात असली की ऐकावंच लागतं.” त्यामुळे पूर्ण संहिता एकट्या मास्तरांकडे राही, आणि उतरवून काढण्यापुरती, एका रात्रीसाठी, माझ्याकडे.

नाटक मास्तरांनीच लिहिले होते: ‘पाटलिणीची विहीर’. दुष्काळात सगुणा नावाची गरीब पोर रिकामी घागर घेऊन पाटलिणीच्या दाराशी येते आणि पाटलीण फाटक लावून घेते. तो पहिला प्रवेश. पाटलीण मी होते. सगुणा होती मंजुळा खराडे, बॉयलरवरच्या फायरमनची मुलगी, माझ्याहून वर्षाने लहान. तिला वाचताना अक्षराअक्षराला अडावे लागे, परंतु एकदा ऐकलेले ती विसरत नसे.

दिवेलागणीला मी माझ्या टेबलापाशी बसून शेवटचा प्रवेश वाचला. पाटलिणीचीच विहीर आटली आहे. कोणी तिच्या दाराशी फिरकत नाही. सगुणा भरली घागर घेऊन येते. पाटलीण काही बोलू पाहते, तोच सगुणा म्हणते: “बोलणं मागनं. आधी पाणी प्या.” पाटलीण जमिनीवर बसते. ओंजळ पुढे करते. सगुणा वरून पाणी ओतते. पाटलीण पिते. पडदा.

पाटलिणीला एकही वाक्य नव्हते.

मी तो कागद तीनदा वाचला. प्रयोग बॉयलर पेटवण्याच्या समारंभाच्या दिवशी होता. कारखान्याचे अध्यक्ष येणार, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर माझे वडील बसणार. आबा प्रयोगशाळेत सकाळी सातला जात आणि दिवे लागल्यावर परतत. आम्हा मुलांशी त्यांचे बोलणे ‘पुस्तके आहेत ना?’ एवढ्यावर आटपे. मी काही करते आहे आणि आबा ते समोर बसून पाहत आहेत, असे माझ्या आयुष्यात प्रथमच घडणार होते. आणि त्यांनी पाहायचे काय? तर आपली मुलगी भुईवर बसून, फायरमन खराड्यांच्या पोरीपुढे हात पसरते आहे.

मी पेन उचलले. त्या सुंदर, ठसठशीत अक्षरात, ज्याचे मास्तरांना कौतुक होते, मी मंजुळेची नक्कल अशी उतरवली की सगुणा दमून दारात येते आणि मुकाट्याने घागर पाटलिणीच्या हाती देते. माझी नक्कल अशी उतरवली की पाटलीण तिला बसवते आणि म्हणते: “बोलणे मागाहून. आधी पाणी पी.” आणि पाजते. पडदा ओढणाऱ्याच्या कागदावरही तेच वाक्य खुणेचे म्हणून लिहिले. शाई वाळली तेव्हा मला फार समाधान वाटले.

मास्तरांच्या लक्षात येणार, हे मला कळत होते. ते रागावले तर काय बोलायचे, याची उत्तरे मी पाठ करून गेले होते.

दुसऱ्या दिवशी तालीम त्या जागी आली. मी माझे वाक्य म्हटले. खोक्यावर बसलेल्या मास्तरांनी मांडीवरच्या संहितेत बोट ठेवले आणि ते तिथेच राहू दिले. बोलला तो हणमंता. तो पहिल्या प्रवेशात पाटलिणीचा गडी होई आणि उरलेला वेळ पडद्याची दोरी सांभाळी.

“मास्तर, विहीर आटलीया पाटलिणीची. मग ही पाणी कुठलं पाजती? सगुणाच्याच घागरीतलं सगुणालाच?”

“तू तुझा कागद बघ,” मी म्हणाले.

“न्हाई, आपलं इचारलं. म्हंजे आमच्या घरची भाकरी आमच्याच ताटात वाढायची, आन् वर म्हणायचं, लाजू नगा, पोटभर जेवा!”

सगळे हसले.

“हणमंता, तोंड आवर,” मी म्हणाले.

“आवरलं, पाटलीणबाई. फाटक लावून घेतलं बगा.”

मास्तरांनी संहिता मिटली. “हं,” ते म्हणाले, “असंच बसवा.”

माझी पाठ केलेली उत्तरे तशीच राहिली. मंजुळेने आपल्या कागदाकडे पाहिले, घडी घातली आणि कमरेला खोचली. पुढचे अठरा दिवस तिने मुकाट्याने माझ्या हाती घागर दिली आणि मी तिला पाणी पाजले. घागर तालमीत रिकामीच असे.

समारंभाच्या दिवशी सकाळी बॉयलर पेटला. अध्यक्षांना अंधाराच्या आत परतायचे होते, म्हणून प्रयोग दुपारी चारला ठेवला होता. बॉयलरघरापुढच्या पटांगणात मांडव, आणि रंगमंचामागे बारदानाचे पडदे लावून केलेली मुलींची खोली. मंजुळेला नऊवारी सावरेना, म्हणून मी तिचा काष्टा घालून देत होते.

“श्वास सोडू नकोस. सरळ उभी राहा. आणि चालताना पाऊल ओढू नकोस, किती वेळा सांगितले?”

“व्हय.” मग ती म्हणाली, “कालिंदीताई, एक इचारू? रागावणार न्हाईसा न्हवं?”

“विचार. पण हलू नकोस.”

“आज घागर भरल्याली हाय. मास्तर म्हणालं, खेळाला रिकामी घ्यायची न्हाई. घागर आमच्या घरची हाय. चिंचंनं घासलीया लख्ख, पर... तुमाला चालत नसंल तर म्या ती खालीच ठेवते. तुमी नुसतं धरल्यावाणी करा. लोकास्नी काय कळतंय?”

“न चालायला काय झाले?”

“न्हाई, म्हंजे,” ती अडखळली, “चालत न्हाई म्हणूनच मास्तरांनी शेवट फिरवला न्हवं?”

माझे हात तिच्या निऱ्यांवर थांबले. “कोणता शेवट?”

“पयला. म्या तुमाला पाणी पाजते, त्यो.”

“तो तुला कसा ठाऊक?”

“आता घ्या! मास्तरांची खोली आमच्या भिंतीला भिंत लागून. ते मोठ्यानं बोलून बोलून लिवत्यात. सगुणाबी तेच आन् पाटलीणबी तेच. चार दीस त्यो शेवट चालला हुता. आमचा धाकटा घरात ताटली घिऊन म्हणत फिरायचा, ‘बोलणं मागनं, आधी पाणी प्या.’ आन् मग माज्या कागदावर बघती तर निराळंच.” ती हसली. “मला वाचता येत न्हाई म्हणून चुकलं आसंल, आसं वाटलं. मग इचारलं मास्तरास्नी.”

“काय म्हणाले मास्तर?”

“म्हणालं, व्हय, म्याच बदललंय. म्हणालं, पयला जमला न्हवता.”

बाहेर हार्मोनियम सुरू झाली होती. मंजुळा निऱ्यांकडे पाहत, मला समजावल्यासारखे बोलत राहिली. “मला कळलं की. आई म्हणली, मोठ्या घरात आसतंय तसं. साहेबांच्या पोरीला चारचौघांत आपल्या हातनं पाणी प्यायला घरचं कशी सोडतील? वाईट वाटून घिऊ नगंस. मग न्हाई वाटून घेतलं.”

माझ्या घरात कोणी काही म्हटले नव्हते. आईने या नाटकाची गोष्टसुद्धा विचारली नव्हती. म्हटले होते ते मी. आणि मी ते लिहून टाकून दुसऱ्याच्या तोंडी घातले होते. मंजुळा तो माझ्या घरचा नकार समजून गिळून बसली होती, आणि त्या नकाराचे ओझे मास्तरांनी आपल्या डोक्यावर घेऊन मला मोकळे ठेवले होते.

“मास्तरांनी बदललेला नाही,” मी म्हणाले. “मी बदलला. नकला उतरवताना. घरचे काही बोलले नाहीत.”

मंजुळेने मान वळवून माझ्याकडे पाहिले. रडेल, भांडेल, असे मला वाटले. निदान भांडावे, असे वाटले.

“आसं व्हय,” ती म्हणाली, आणि पदर खोचून बाहेर गेली.

तिसरी घंटा झाली.

पहिला प्रवेश मला आजही जसाच्या तसा आठवतो. मंजुळा फाटकाशी आली आणि तिने पाणी मागितले. तालमीत ती पाणी मागे, तेव्हा मला तिचे वाक्य कुठे संपते तेवढेच ऐकू येई, कारण मी माझ्या पाळीची वाट पाहत असे. त्या दिवशी मी सगळे ऐकले. माझ्या दोन शब्दांच्या खुणेआधी केवढे बोलणे होते! भाऊ तापाने फणफणला आहे. आई शेजारणीकडे गेली, तिथेही घडा पालथा. “एक घागर, पाटलीणबाई. परत मागणार न्हाई.” पुढचे उत्तर द्यायला मी इतकी थांबले की विंगेतून मास्तरांची कुजबुज आली. पाठांतरात मी कधीच चुकत नसे. त्या दिवशी मला प्रॉम्प्टिंग घ्यावे लागले. मी ‘नाही’ म्हणाले आणि फाटक लावले. मांडवात बसलेल्या चाळीतल्या बायका चुकचुकल्या. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “मेली दुष्ट हाय!” माझ्या कामाला मिळालेली ती पहिली पावती.

मग विहीर आटली. गडी सोडून गेला, म्हणजे हणमंता पडद्याच्या दोरीपाशी जाऊन उभा राहिला. मी रंगमंचावर एकटी उरले. पहिल्या रांगेत अध्यक्ष होते. त्यांच्या शेजारी आबा, दोन्ही हात काठीवर ठेवून, प्रयोगशाळेत काचेच्या नळीकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहत होते.

मंजुळा आली. डोक्यावर भरली घागर असल्यामुळे तिचे पाऊल ओढत नव्हते, आपोआप जमिनीवर ठाम पडत होते. ती माझ्यापुढे थांबली. घागर उतरवून तिने दोन्ही हातांनी पुढे केली, कागदावर लिहिले होते तशी.

मी ती घेतली नाही.

तिने आणखी पुढे केली. “धरा की,” ती ओठ न हलवता म्हणाली.

मी खाली बसले. नऊवारीचा घोळ आवरून, दोन्ही गुडघे टेकून. आणि ओंजळ पुढे केली.

मंजुळेने माझ्या हातांकडे पाहिले, मग विंगेकडे पाहिले. तिच्या कागदावर पुढे काही नव्हते. हणमंताच्या कागदावरही नव्हते. मीच तशी व्यवस्था करून ठेवली होती. तेव्हा विंगेतून मास्तरांचा आवाज आला, अकरा वर्षे कंपनीत कमावलेला, पहिल्या रांगेलाही ऐकू न जाणारा आणि नटाच्या नेमका कानात शिरणारा:

“बोलणं मागनं...”

संहितेत त्यांनी एक अक्षर बदलले नव्हते.

“बोलणं मागनं,” मंजुळा म्हणाली. “आधी पाणी प्या.”

आणि तिने घागर कलती केली.

पाणी मचूळ होते. तोंडात घेताच जिभेला तुरट, खारट आणि जड लागले. असे पाणी मी कधी प्यायले नव्हते. क्षणभर ते घशाखाली उतरेना. पण साडेतीनशे माणसे पाहत होती आणि घागर माझ्यावर कलती होती. मी प्यायले. दुसरी ओंजळ प्यायले. तिसरी प्यायले. आता पडदा पडेल, म्हणून चौथीही प्यायले.

पडदा पडेना. हणमंता दोरी धरून उभा होता आणि “आधी पाणी पी” या शब्दांची वाट पाहत होता. त्याच्या नकलेत ‘प्या’ नव्हतेच. मंजुळेला कोणी थांब म्हटले नव्हते, म्हणून ती ओतत होती. तिला कसे थांबवावे, हे मला सुचले नाही, म्हणून मी पीत होते. पाणी कोपरांवरून ओघळून रंगमंचावर पसरले. अर्धी घागर रिती झाल्यावर मास्तर स्वतः उठले आणि हणमंताच्या हातातली दोरी हिसकून त्यांनी पडदा ओढला.

टाळ्या किती पडल्या ते मला सांगता येणार नाही. पडद्यामागे मी अजून भुईवरच होते.

“समदं पिलासा?” मंजुळा वाकून म्हणाली. “म्या म्हटलं, नुसतं तोंडाला लावशिला.”

“तू थांबलीच नाहीस!”

“तुमीच ओंजळ काडली न्हाईसा! म्या काय करू? मचूळ लागलं आसंल.”

“नाही.”

“खोटं कशाला बोलतासा? आमची म्हसबी तोंड वाकडं करती त्या पाण्याला.”

मग आम्ही दोघी हसलो. इतक्या हसलो की मला ठसका लागला आणि मंजुळेने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याआधी आईखेरीज माझ्या पाठीवर कोणी थाप मारल्याचे मला आठवत नाही.

हणमंता तणतणत आला. “माजी चूक न्हाई, आदीच सांगतो. कागदावर ‘पी’ लिवलंय. ही म्हणली ‘प्या’. म्या काय ब्रह्मदेव हाय?”

“चूक माझी आहे,” मी म्हणाले.

माझ्या तोंडून असे वाक्य हणमंताने पूर्वी ऐकले नव्हते.

मास्तर संहितेचे कागद गोळा करून दोऱ्याने बांधत होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. क्षमा मागावी, एवढे कळत होते. सुरुवात कशी करायची ते कळत नव्हते. त्यांनी माझ्या भिजलेल्या बाह्यांकडे पाहिले.

“लुगडं वाळत घाल, कालिंदीबाई, मंडळाचं आहे ते. आणि हंगामाच्या सांगतेला पुन्हा प्रयोग ठरतोय. नकला नव्यानं उतरवाव्या लागतील. वेळ होईल का? की शाळेचा अभ्यास आहे?”

“होईल वेळ,” मी म्हणाले.

ते त्या विषयावर पुन्हा कधीही बोलले नाहीत. माझ्या संसारात पुढे पुष्कळ माणसे माझ्या शब्दात वागली, आणि त्यांतल्या काहींनी माझ्याशी लबाडीही केली. एखाद्याला चारचौघांत उघडे पाडायची वेळ आली की मला ते संहितेवर टेकलेले बोट दिसे. काही जणांना मी स्वतःहून सुधारायला वेळ दिला. सर्वांना नाही, मी गुळवणी मास्तर नव्हे.

आई धाकट्यांना घेऊन आधीच घरी गेली होती. मी आबांबरोबर निघाले. बंगल्यांकडच्या रस्त्याने आम्ही दोघेच चालत होतो. ऊन उतरले होते. आबांची काठी ठराविक अंतराने खडीवर वाजत होती. ते नाटकाबद्दल काय बोलतात, याकडे माझे कान लागले होते. बरेच चालून झाल्यावर ते म्हणाले, “ते पाणी तू खरंच प्यालीस?”

“हो.”

“कुठलं होतं?”

“चाळीतल्या विहिरीचं. मंजुळेच्या घरची घागर होती.”

“कसं लागलं?”

आबांनी मला कशाहीबद्दल ‘कसे लागले’ असे विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. “मचूळ,” मी म्हणाले. “घशाखाली उतरत नव्हतं.”

“उतरायचं नाहीच. क्षार आहेत. दर सहा महिन्यांनी नमुना तपासतो मी.”

“मग आपल्याकडे तसं का येत नाही?”

“बंगल्यांना नदीचं गाळलेलं पाणी आहे. बॉयलरलाही तेच. विहिरीचं पाणी बॉयलरला चालत नाही, नळ्यांना आतून थर धरतो.”

मी पंधरा वर्षांची होते. मी टोचून बोलायला म्हणून विचारले नाही. मला खरोखरच कळले नव्हते.

“बॉयलरला चालत नाही,” मी म्हणाले, “आणि त्यांना चालतं?”

काठीचा आवाज थांबला. आमच्या बंगल्याचे फाटक चार पावलांवर होते.

“मी अहवालात लिहितो,” आबा म्हणाले. “प्रत्येक वेळी लिहितो. तीन वर्षं लिहितोय.”

“कोणाला बोललात का पण?”

ते माझ्यावर रागावतील असे वाटून मी अंग चोरले. आमच्या घरात आबांना असा प्रश्न आईही विचारत नसे. आबा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, घाम नसताना कपाळ पुसले आणि टोपी पुन्हा नीट बसवली.

“अध्यक्ष निघाले असतील का?”

मी मागे पाहिले. “विश्रामगृहापुढे गाडी उभी दिसते.”

“आईला सांग, मला उशीर होईल.” दोन पावले जाऊन ते थांबले. “काम चांगलं केलंस,” ते म्हणाले आणि वळून, आल्या रस्त्याने, काठी टेकवायचे विसरून चालू लागले.

अध्यक्षांशी त्यांचे काय बोलणे झाले ते आम्हाला घरी कधी कळले नाही. शिमग्याच्या आधी नदीच्या गाळलेल्या पाण्याचा नळ चाळीपर्यंत गेला. मी मात्र नळाची वाट पाहत बसले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्या नकला नव्याने उतरवल्या आणि मंजुळेची घेऊन तिच्या घरी गेले. पहिल्यांदा ती तिला वाचून दाखवली. मग ती स्वतः वाचू लागली, आणि अडली तिथे मी थांबले. हे आम्ही रोज करत गेलो. हंगाम संपेतो ती न अडखळता वाचू लागली होती, आणि मी दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत ऐकू लागले होते. कोणी कोणाला अधिक शिकवले, याचा निवाडा मी आजवर केलेला नाही. आभार मात्र माझ्याकडेच राहून गेले. ते मी आज, इतक्या वर्षांनी, मास्तरांच्या आणि मंजुळेच्या नावे इथे लिहून ठेवते आहे.

हंगामाच्या सांगतेला दुसरा प्रयोग झाला. या वेळी हणमंताच्या कागदावर ‘प्या’ होते आणि पडदा वेळेवर पडला. मी ओंजळीतले पाणी पिऊन उठले आणि लुगड्याने तोंड पुसत मंजुळेला विचारले, “आज कसं झालं माझं?”

तिने घागर कमरेवर घेतली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“आज काय,” ती म्हणाली, “नळाचं ग्वाड पाणी. आज कुणीबी केली आसती पाटलीण.”